प्रेक्षकाचे स्मरण आणि दिग्दर्शिकेची दिठी : सुमित्रा भावे यांच्या निधनानंतरच्या स्मरणलेखनाचा विचार

१

सुमित्रा भावे यांचे १९ एप्रिल २०२१ रोजी पुण्यात निधन झाले. त्या वेळी त्या ७८ वर्षांच्या होत्या. करोनाच्या दुसऱ्या लाटेचा तो काळ होता. महाराष्ट्रात चित्रपटगृहे बंद होती, अंत्यसंस्काराला वीसच माणसांना उपस्थित राहण्याची मुभा होती आणि सभागृहात शोकसभा भरवणे शक्य नव्हते. ज्या दिग्दर्शिकेचे चित्रपट पुष्कळदा एकत्र बसून पाहिले गेले, आणि पाहून झाल्यावर ज्यांच्याविषयी तेथेच बसून बोलले गेले, तिच्या प्रेक्षकांना तिच्या जाण्याचे दुःख आपापल्या घरात, एकेकट्याने करावे लागले. शोकसभेत जे बोलले जाऊन विरून गेले असते, त्यातील बरेचसे त्यामुळे लिहिले गेले. नटनट्यांनी आणि सहकाऱ्यांनी लिहिले, तसेच ज्यांनी त्यांना कधी जवळून पाहिलेही नव्हते अशा प्रेक्षकांनीही लिहिले.

पुढे ३२ दिवसांनी, २१ मे २०२१ रोजी, त्यांचा 'दिठी' हा चित्रपट घरबसल्या पाहता येईल अशा रीतीने प्रदर्शित झाला. एका बापाच्या पुत्रशोकाची ती कथा. शोकात असलेल्या प्रेक्षकाच्या हाती शोकाविषयीचीच कलाकृती पडावी आणि तीही ज्या व्यक्तीसाठी शोक चालला आहे तिचीच असावी, असा योग क्वचित येतो. या योगामुळे एरवी दुर्लक्षित राहणारा एक प्रश्न साहित्याच्या अभ्यासकापुढे ठळकपणे उभा राहतो. प्रेक्षक दिग्दर्शकाचे स्मरण करतो तेव्हा तो नेमके कशाचे स्मरण करतो, आणि त्या स्मरणाची प्रत कशावरून ठरवावी?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. स्मरणलेखनातील एखाद्या विशिष्ट लेखाचे परीक्षण करणे हा येथे हेतू नाही. या लेखनामागील वृत्तींचे स्वरूप पाहावे, त्यांची मराठीतील स्मरणपरंपरेशी सांगड घालावी आणि शेवटी 'दिठी'च्या आधारे काही निष्कर्षाप्रत यावे, एवढीच मर्यादा घातली आहे.

२

गेलेल्या माणसाचे स्मरण ही मराठी साहित्याच्या आरंभकाळापासूनची एक मोठी प्रेरणा आहे. मराठी गद्याचा आद्य ठेवा असलेले 'लीळाचरित्र' हे मुळात स्मरणातून निर्माण झाले. श्रीचक्रधर उत्तरापंथे निघून गेल्यानंतर नागदेवाचार्य त्यांच्या लीळा आठवीत बसत. या आठवणी लिहून ठेवल्या पाहिजेत, हे म्हाइंभटांच्या मनात आले. त्यांनी आचार्यांकडून लीळा ऐकल्या. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. ज्या ज्या प्रसंगी जे जे उपस्थित होते, त्यांच्याकडे जाऊन त्यांनी त्या पडताळून घेतल्या. त्यामुळे या ग्रंथात स्तुतीपेक्षा प्रसंगाला महत्त्व आले. स्वामी कोठे बसले होते, कोण आले, काय विचारले, उत्तर काय मिळाले, त्या वेळी काय खाल्ले, असा तो तपशील आहे. चक्रधरांविषयीची निष्ठा पानोपानी जाणवते, परंतु ती विशेषणांतून बोलत नाही. जे पाहिले ते बिनचूक सांगावे यातच तिचे समाधान आहे. महानुभाव पंथात स्मरण हा साधनेचा भाग आहे, हेही येथे ध्यानात घ्यावयास हवे. स्मरण करणाऱ्याने ते करता करता पालटावे, अशी तेथे अपेक्षा आहे.

दुसरा आदर्श नामदेवांच्या नावावर असलेल्या 'समाधी'च्या अभंगांचा. ज्ञानदेवांच्या समाधीचा प्रसंग तेथे एकट्या कवीचा शोक म्हणून येत नाही. सारी संतमंडळी जमली आहे, प्रत्येकाचे दुःख वेगळे आहे, आणि ज्यांनी ज्ञानदेवांना ज्ञान दिले ते निवृत्तिनाथही त्या दुःखातून सुटलेले नाहीत. जाणत्यालाही शोक चुकत नाही. मात्र तो मेळ्यात केला म्हणजे सोसता येतो. या अभंगांच्या मुळाशी ही जाण आहे.

या दोन आदर्शांतून स्मरणाच्या दोन कसोट्या हाती येतात. पहिली कसोटी तपशिलाची : स्मरणात प्रत्यक्ष पाहिलेले किती आहे? दुसरी सहभागाची : ते स्मरण एकट्याच्या भावनेत अडकून पडते, की इतरांना त्यात शिरण्यास वाट देते? प्रेक्षकांच्या स्मरणलेखनाला या कसोट्या लावण्यास हरकत नसावी. उलट, आपण नकळत कोणत्या परंपरेत लिहीत आहोत याची ओळख त्यायोगे लिहिणाऱ्यासही होईल.

३

प्रेक्षकाची स्थिती म्हाइंभटांच्या साक्षीदारांहून एका बाबतीत मूलतः निराळी आहे. ते साक्षीदार स्वामींच्या सहवासात होते. प्रेक्षक दिग्दर्शकाच्या सहवासात नसतो. पडद्यावर त्याला नट दिसतात, ऐकू येतो तो त्यांचा आवाज. दिग्दर्शक कोठेच दिसत नाही. जे दिसते ते कोठून, किती वेळ आणि कोणत्या क्रमाने दिसावे, हा निर्णय तेवढा त्याचा असतो. म्हणजे प्रेक्षकाला दिग्दर्शक भेटतो तो पाहण्याच्या रीतीच्या रूपाने. साहजिकच त्याचे स्मरण करणे नटाच्या स्मरणापेक्षा अवघड. नटाचा चेहरा आठवता येतो. दुसऱ्याची पाहण्याची रीत आठवायची तर आपण काय पाहिले होते, हेच पुन्हा आठवावे लागते.

ही अडचण टाळण्याचे दोन सोपे मार्ग आहेत आणि भावे यांच्या निधनानंतरच्या लेखनात ते दोन्ही दिसतात.

पहिला मार्ग व्यक्तिस्मरणाचा. त्यांच्यासमवेत काम करणारी मंडळी त्यांना 'सुमित्रामावशी' म्हणत. हे नाते खरे होते. त्यांनी अनेक नटांना घडवले, आणि त्या नटांनी मावशी म्हणून त्यांच्याविषयी लिहिणे स्वाभाविकच होते. परंतु हळूहळू हे संबोधन प्रेक्षकांनीही उचलले. मराठी माणूस आदर आणि जवळीक एकाच शब्दात व्यक्त करू पाहतो तेव्हा नात्याच्या शब्दाकडे वळतो, आणि त्यात वावगे काही नाही. तरीही मावशीचे प्रेमळपण लिहिताना दिग्दर्शिकेचा काटेकोरपणा नजरेआड होतो. स्त्री-कलावंताच्या बाबतीत हा धोका अधिक. तिच्या कलेतील निर्णय तिच्या स्वभावातील मायेच्या खाती जमा केले जातात. पुरुष दिग्दर्शकाच्या चित्रपटातील करुणेला आपण 'दृष्टी' म्हणतो आणि स्त्रीच्या चित्रपटातील करुणेला 'मन' म्हणतो. हा भेद तपासून पाहण्याजोगा आहे.

दुसरा मार्ग विषयस्मरणाचा. 'देवराई' (२००४) स्किझोफ्रेनियावरचा, 'अस्तु' (२०१३) स्मृतिभ्रंशावरचा, 'कासव' (२०१६) नैराश्यावरचा, 'दहावी फ' (२००२) शिक्षणावरचा, अशी यादी होते. यादीच्या शेवटी 'सामाजिक भान असलेली संवेदनशील दिग्दर्शिका' हे बिरुद येते. या यादीत चुकीचे असे काही नाही. भावे यांच्या चित्रपटांना मिळालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांपैकी काही अशाच विषयवार वर्गांतले आहेत. 'दोघी'ला सामाजिक प्रश्नावरील चित्रपटाचा आणि 'देवराई'ला पर्यावरणविषयक चित्रपटाचा पुरस्कार मिळाला होता. पण विषयाने ओळखलेली कलाकृती त्या विषयावरच्या माहितीपत्रकाच्या शेजारी जाऊन बसते. त्याच विषयावर उद्या अधिक माहिती देणारे काही आले की आधीचे विसरण्यास मोकळीक मिळते.

तिसरा मार्ग प्रसंगस्मरणाचा. तो अवघड आहे आणि म्हणूनच विरळा. एखाद्या प्रेक्षकाला चित्रपटाचे नाव नीट आठवत नाही, कथेचा शेवटही आठवत नाही, पण एक हालचाल, एक स्तब्धता, एक उंबरा आठवतो. कधी त्या आठवणीत चूकही असते. एका चित्रपटातला पाऊस दुसऱ्यात जातो. परंतु लीळांच्या बाबतीत पाठभेद जसे अभ्यासकाला उपकारक ठरतात, तशीच ही चूकही बोलकी असते. प्रेक्षकाने जे पाहिले त्यातील काय आपलेसे केले, हे त्यावरून कळते. भावे यांच्या कलेचा मागोवा घ्यावयाचा तर या तिसऱ्या वाटेने जावे लागते.

४

सुमित्रा भावे चित्रपटाकडे आल्या त्या समाजशास्त्राच्या अभ्यासातून. त्यांनी पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत अध्यापन केले होते. पुढे 'स्त्रीवाणी' या संस्थेसाठी स्त्रियांच्या स्वप्रतिमेविषयी संशोधन करताना एक पेच त्यांच्यासमोर आला. ज्या स्त्रियांकडून ही माहिती मिळाली, त्यांपैकी अनेकींना वाचता येत नव्हते. त्यांच्याविषयीचा अहवाल त्यांच्यापर्यंत पोचणारच नव्हता. जिचे आयुष्य तिलाच परत दाखवायचे तर लिहिलेला शब्द अपुरा, या जाणिवेतून 'बाई' (१९८५) हा लघुपट झाला. त्यानंतर 'पाणी' (१९८७) आला. दोन्ही लघुपटांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. या आरंभाचे महत्त्व केवळ चरित्रात्मक नाही. येथे प्रेक्षक ही ज्ञान स्वीकारणारी व्यक्ती नाही. ते ज्ञान मुळात तिचेच आहे. पडद्यासमोर बसलेली बाई आणि पडद्यावरची बाई यांच्यातील अंतर कमी करणे, हा या कलेचा पहिला हेतू होता.

हा हेतू पुढील कथापटांत कसा टिकून राहिला, ते काही प्रसंगांच्या आधारे पाहता येईल.

'दोघी' (१९९५) या चित्रपटात लग्नाच्याच दिवशी अपघात होऊन वऱ्हाड येण्यापूर्वीच लग्न मोडते, आणि गौरी अपशकुनी ठरते. घराची दैना होते. मामा तिला मुंबईस नेतो, आणि ती देहविक्रयाच्या व्यवसायात ढकलली जाते. तिच्या पैशावर जगणारे घर ती परतल्यावर मात्र तिला आपले म्हणण्यास कचरते. धाकटी बहीण कृष्णा तिच्या बाजूने उभी राहते. विषयाच्या भाषेत हा 'वेश्याव्यवसायाचा प्रश्न' आहे. प्रसंगाच्या भाषेत तो उंबऱ्याचा प्रश्न आहे : कोणी आत यावे, कोणी बाहेर थांबावे आणि हे ठरवणारी आई स्वतः कशाला भ्यायली आहे. उत्तरा बावकर यांनी उभी केलेली ही आई खलनायिका होत नाही. तिच्या कठोरपणामागची भीती दिसेपर्यंत चित्रपट तिच्याकडे पाहत राहतो.

'अस्तु'मध्ये संस्कृतचे व्यासंगी चक्रपाणी शास्त्री स्मृतिभ्रंशाने ग्रासलेले आहेत. रस्त्यात दिसलेल्या हत्तीच्या मागे ते लहान मुलाच्या कुतूहलाने चालत जातात आणि हरवतात. त्यांची लेक त्यांना शोधत फिरते. इकडे माहुताची बायको चन्नम्मा त्यांना लेकराप्रमाणे सांभाळते. शास्त्रीबुवांजवळ ग्रंथ होते ते आता आठवत नाहीत. चन्नम्माजवळ ग्रंथ कधीच नव्हते. या दोघांच्या भेटीत विद्वत्तेचा पराभव दाखवण्याचा सोपा मोह होता, आणि भावे यांनी तो टाळला. सांभाळण्याचेही एक ज्ञान असते, ते हातांत असते आणि ते पुस्तकी ज्ञानाच्या शेजारी मानाने बसू शकते, एवढेच त्यांनी दाखवले. या चित्रपटाच्या संवादलेखनासाठी सुमित्रा भावे यांना आणि चन्नम्माच्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

'कासव'मधील जानकी स्वतः नैराश्यातून गेलेली आहे. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेला एक अनोळखी तरुण तिला भेटतो, आणि ती त्याला कोकणातल्या समुद्रकाठच्या घरी घेऊन जाते. तेथे कासवांच्या अंड्यांची राखण चालू आहे. कासवाची मादी वाळूत अंडी घालून समुद्राकडे परतते. पिल्ले निघेपर्यंत घरटे राखायचे, आणि पिल्लांनी समुद्राकडे आपली आपण जायचे. जानकी त्या तरुणाच्या मागे प्रश्नांचा लकडा लावीत नाही. न विचारता सोबत करणे हीच येथील उपचाराची रीत आहे, आणि चित्रपटाच्या संथ लयीतही तीच रीत उतरली आहे. प्रेक्षकालाही त्या तरुणाचा पूर्ववृत्तांत घाईने मिळत नाही. जानकीने जे सोसले पाहिजे ते, म्हणजे न कळण्याचे अस्वस्थपण, प्रेक्षकालाही सोसावे लागते. 'कासव'ला ६४ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळाले. 'श्यामची आई', 'श्वास', 'देऊळ' आणि 'कोर्ट' यांच्यानंतर हा मान मिळवणारा तो पाचवा मराठी चित्रपट होय.

या तिन्ही उदाहरणांत एक समान सूत्र आढळते. माणसाला नाव देऊन मोकळे होण्याची घाई भावे यांची दृष्टी करीत नाही. अपशकुनी, वेडा, म्हातारा, रुग्ण ही नावे समाज देतो. चित्रपट ती नावे थोडा वेळ बाजूला ठेवून त्या माणसापाशी बसतो. विषयवार यादी करणारे स्मरण नेमके याच्या उलट जाते. ज्या नावांतून या दिग्दर्शिकेने माणसे सोडवली, तीच नावे ते तिच्या चित्रपटांना परत चिकटवते.

५

स्मरणलेखनातील आणखी एका प्रवृत्तीची नोंद करणे आवश्यक आहे. शोक एका व्यक्तीसाठी असतो. त्यामुळे कर्तृत्वही एकाच व्यक्तीचे मानण्याकडे शोक करणाऱ्याचा कल असतो. परंतु सुमित्रा भावे यांच्या बहुतेक कथापटांचे दिग्दर्शन त्यांनी आणि सुनील सुकथनकर यांनी मिळून केले. पुण्याच्या चित्रपट संस्थेत शिकलेले सुकथनकर लघुपटांच्या काळापासून त्यांच्या बरोबर होते. चित्रपटांसाठी त्यांनी गीतेही लिहिली. एक समाजशास्त्राकडून आलेली, दुसरा चित्रपटाच्या शिक्षणातून आलेला, वयातही मोठे अंतर, आणि तरीही तीन दशकांहून अधिक काळ टिकलेले हे सहदिग्दर्शन भारतीय चित्रपटात विरळा आहे.

येथे 'कोणाचे काय' असा हिशेब मांडण्याचे कारण नाही, आणि तो मांडताही येणार नाही. मात्र संयुक्त कर्तृत्वाचा विसर पडलेले स्मरण ज्याचे गुणगान करते त्याच तत्त्वाशी प्रतारणा करते. एकमेकांच्या सोबतीने माणूस उभा राहतो, हे ज्या चित्रपटांनी दाखवले ते स्वतः सोबतीतूनच निर्माण झाले होते. निर्माते आणि नट या नात्यांनी डॉ. मोहन आगाशे यांनी 'अस्तु', 'कासव' आणि 'दिठी' या चित्रपटांना दिलेली साथही याच संदर्भात पाहिली पाहिजे. प्रेक्षकांचा वाटाही लहान नाही. 'अस्तु' तयार होऊनही चित्रपटगृहांपर्यंत पोचण्यास २०१६ साल उजाडले, आणि त्यासाठी लोकवर्गणीचा आधार घ्यावा लागला. ज्याने तिकिटापूर्वीच वर्गणी दिली त्या प्रेक्षकाचे स्मरण चाहत्याच्या कौतुकाहून निराळे असणार. काही अंशी ते भागीदाराचे स्मरण असते.

६

या पार्श्वभूमीवर 'दिठी'चा विचार करावयाचा आहे. हा चित्रपट सुमित्रा भावे यांनी एकट्यांनी दिग्दर्शित केला. त्याचा आधार दि. बा. मोकाशी यांची 'आता आमोद सुनासि आले' ही कथा. मराठी कथेच्या वाचकाला ती परिचित आहे. कथेचे शीर्षक ज्ञानदेवांच्या 'अमृतानुभवा'तील नवव्या प्रकरणाच्या आरंभीच्या ओवीतून आलेले आहे. सुगंधच घ्राणेंद्रिय व्हावा, ऐकण्याचा विषय आणि ऐकणारा यांत भेद उरू नये, आरसाच डोळा होऊन पाहू लागावा, असा त्या ओवीचा आशय. पाहणारा आणि पाहिले जाणारे यांच्यातील दुजेपण मावळते, ही ज्ञानदेवांची अनुभूती. मोकाशींनी ती तत्त्वचर्चेत ठेवली नाही. पावसाने झोडपलेल्या एका खेड्यात त्यांनी ती आणून ठेवली.

रामजी लोहार तीस वर्षांचा वारकरी. त्याचा तरुण मुलगा पाण्यात बुडून गेला आहे. घरात सून आहे, बाहेर न थांबणारा पाऊस आहे आणि गावातील सोबत्यांची पोथीची बैठक आहे. तीस वर्षे ऐकलेल्या, पाठ असलेल्या शब्दांतला एकही शब्द रामजीला उपयोगी पडत नाही. सोबती त्याचे दुःख जाणतात, त्याला समजावतात, त्याच्याविषयी बोलतात. पण शोक आहे तिथेच राहतो. अशात एक गाय अडते. अडलेली गाय सोडवण्याची हातोटी गावात रामजीजवळ आहे. तो जातो आणि गाय मोकळी करतो. वासरू जन्माला येते. जे शब्द बोजड झाले होते त्यांचा अर्थ तेथे लागतो.

कथेचे चित्रपटात रूपांतर होताना काय घडते, हा रूपांतराच्या अभ्यासातील नेहमीचा प्रश्न. मोकाशींच्या कथेत वाचक रामजीच्या मनात वावरू शकतो, कारण निवेदनाला ती सोय आहे. चित्रपटाला ती नाही. किशोर कदम यांनी साकारलेल्या रामजीचा चेहरा, त्याचे हात आणि त्याच्याभोवतीचा अंधार यांवरच चित्रपटाला विसंबावे लागते. त्यामुळे कथेतील आध्यात्मिक उलगडा चित्रपटात शारीरिक कामाच्या रूपाने समोर येतो. गाय सोडवताना रामजी बाप नसतो, शोकग्रस्त नसतो, वारकरीही नसतो. त्या घटकेपुरता तो फक्त ते काम असतो. जाणणारा आणि जाणायचे ते यांतील दुजेपण मावळणे म्हणजे काय, ते पोथीबाहेर, गोठ्यात, हातांनी कळते. 'अस्तु'मधील चन्नम्माच्या सांभाळण्यात जे ज्ञान होते, तेच येथे रामजीच्या हाती आले आहे. शीर्षक बदलून 'दिठी' ठेवण्यात भावे यांनी या कथेचा स्वतःला लागलेला अन्वयार्थही सांगितला. घ्राणाच्या जागी त्यांनी नजर आणली, आणि नजर हेच त्यांचे माध्यम.

पोथीच्या मंडळींचे स्थानही लक्षात घ्यावे. त्यांच्या शब्दांनी रामजीचा शोक शमत नाही, तरी ती मंडळी निरर्थक ठरत नाहीत. ती जमली आहेत, पावसात आली आहेत, थांबली आहेत. 'समाधी'च्या अभंगांतील संतमेळ्याशी त्यांचे नाते आहे. दुःखाला उत्तर देणे त्यांना साधत नाही, परंतु दुःखापाशी बसणे साधते. जाणत्या निवृत्तिनाथांनाही जे चुकले नाही, ते तीस वर्षांच्या वारकऱ्याला कसे चुकावे? मोकाशी आणि भावे या दोघांनीही भक्तीची कुचेष्टा केलेली नाही, आणि ती रामबाण असल्याचा दावाही केलेला नाही.

आता मे २०२१ मधील प्रेक्षकाचा विचार करावा. त्या वसंतात कितीतरी घरांत मृत्यू येऊन गेला होता. अनेकांना आपल्या माणसाचे अखेरचे दर्शनही झाले नव्हते. सांत्वनाला कोणी घरी येऊ शकत नव्हते. म्हणजे रामजीला निदान जी मंडळी लाभली होती, तीही या प्रेक्षकांपैकी अनेकांना नव्हती. अशा वेळी 'दिठी' पाहणाऱ्याच्या मनात दिग्दर्शिकेचा शोक आणि घरचा शोक वेगळे ठेवणे अवघड होते. तिचे स्मरण करण्यासाठी चित्रपट लावावा, आणि चित्रपटाने त्याला त्याच्याच दुःखापाशी नेऊन बसवावे, असा हा प्रकार. स्मरणाचा विषय बाजूला सरतो आणि स्मरण करणाऱ्याची दृष्टी तेवढी उरते. ओवीतील आरशाचा डोळा होणे याहून फार निराळे नसावे.

'बाई'पासून चाललेला प्रवास येथे एका अर्थी पूर्ण होतो. १९८५ मध्ये पडद्यासमोरच्या स्त्रीला तिचेच आयुष्य परत दाखवण्याची धडपड होती. २०२१ मध्ये प्रेक्षकाला त्याचाच शोक परत दिसला, आणि तो दाखवणारी व्यक्ती तेव्हा हयात नव्हती.

७

वरील विवेचनाच्या आधारे काही निष्कर्ष मांडता येतात.

पहिला निष्कर्ष असा की, प्रेक्षकाने केलेले दिग्दर्शकाचे स्मरण हा चरित्रलेखनाचा दुय्यम प्रकार मानू नये. व्यक्तीच्या सहवासाची उणीव हे त्याचे वैगुण्य नाही. प्रेक्षकाजवळ जे आहे, म्हणजे पाहिलेला प्रसंग, तो दिग्दर्शकाच्या कलेचाच पुरावा असतो. म्हाइंभटांच्या वृत्तीने, विशेषणे आवरून आणि तपशील पडताळून हे प्रसंग नोंदले गेले, तर त्यांतून मराठी चित्रपटाच्या आस्वादाचा इतिहास उभा राहू शकेल. या दृष्टीने गृहिणी, परिचारिका, शिक्षक, विद्यार्थी अशा साध्या प्रेक्षकांच्या आठवणी समीक्षकाच्या अभिप्रायाइतक्याच मोलाच्या आहेत. भावे यांच्या चित्रपटांचे प्रयोग जेथे चर्चेसह झाले तेथील बोलणे लिहून ठेवले गेले नसेल, तर ते ज्यांना आठवते त्यांच्याकडून वेळेवर मिळवले पाहिजे. साक्षीदार कायम राहत नाहीत.

दुसरा निष्कर्ष विषयवार स्मरणाविषयीचा. 'सामाजिक दिग्दर्शिका' हे बिरुद आदरातून दिले गेले असले, तरी ते कलावंताला तिच्या विषयांच्या दावणीला बांधते. भावे यांचे वेगळेपण त्यांनी निवडलेल्या आजारांत आणि प्रश्नांत नव्हते. नाव देण्याची घाई न करता माणसापाशी बसण्याच्या रीतीत ते होते. या रीतीचे विश्लेषण हेच त्यांचे खरे स्मरण, आणि ते विशेषणांनी साधणार नाही.

तिसरा निष्कर्ष साहित्याच्या अभ्यासकाला अधिक जवळचा आहे. ज्ञानदेवांची ओवी, मोकाशींची कथा, भावे यांचा चित्रपट आणि प्रेक्षकाचा शोक ही एकाच आशयाची चार वाचने आहेत. प्रत्येक वाचनात आधीच्या वाचनाचे स्मरण आहे, आणि प्रत्येकाने त्या स्मरणाला स्वतःच्या काळाचे दुःख जोडले आहे. रूपांतराचा विचार करताना आपण मूळ कृती आणि रूपांतरित कृती यांची तुलना करून थांबतो. प्रेक्षकाचे वाचन त्या साखळीतील पुढचा दुवा म्हणून क्वचितच हिशेबात घेतो. 'दिठी'च्या निमित्ताने तसा विचार होणे अगत्याचे आहे.

रामजीचा शोक शब्दांनी उतरला नाही, हातातल्या कामाने त्याला वाट दिली. ज्यांना सुमित्रा भावे यांच्याविषयी काही वाटते, त्यांच्यापुढेही काम आहे. त्यांचे चित्रपट पुन्हा पाहणे, जे पाहिले ते नेमके सांगणे, आणि ज्याने पाहिले नाहीत त्याला सोबत घेऊन बसणे हे ते काम. शोकसभा तेव्हा होऊ शकली नाही. ती या रीतीने अजूनही भरवता येईल.